दुखणं लपवायला शिकलेली मुलं: सिकलसेलच्या मुलांवर उपचार करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर, सिस्टर, रक्त काढणारे टेक्निशियन, आणि कुठल्या ओपीडीत कोण बसणार हे ज्यांच्या हातात असतं ते सगळे,

मी सिकलसेल असलेल्या एका मुलाची आई आहे. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, लाल पेशी वाकतात, कडक होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलगा आता अकरा वर्षांचा, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आलेला. नऊ महिन्यांचा असताना त्याचे हात-पाय एकदम सुजले, बोटं अशी फुगली की मूठ मिटेना, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. किती अ‍ॅडमिशन झाल्या ते मोजायचं मी कधीच सोडलंय. तो आज आहे तो तुमच्यामुळे आहे हे मला पक्कं माहितीये. पेनिसिलिन, लसी, दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया, मेंदूकडे जाणारं रक्त बघणारी डोक्याची डॉपलर, सगळं तुम्ही वेळच्या वेळी केलंत. या पत्रात थोडी तक्रार आहे, ती लपवत नाही, पण त्याहून जास्त एक मागणं आहे, आणि ते नीट कळावं म्हणून आधी जे झालं ते सांगते.

तो आठ वर्षांचा होता. एका संध्याकाळी शाळेतून आला आणि गप्प बसला, पायावर पांघरूण घेऊन. मी विचारलं काय रे, तर म्हणाला काही नाही, दमलोय. दुसऱ्या दिवशी पण तसंच. माझ्यासमोरून जाताना मुद्दाम सरळ चालायचा, हे मला तेव्हा कळलं नाही, आता आठवतं तेव्हा पोटात तुटतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप, छातीत दुखतंय, श्वास पुरत नाही, उचलून आणला तेव्हा ऑक्सिजन ८८. अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलचा फुप्फुसांवरचा हल्ला. तुम्हाला सांगायला नको, सिकलसेलमध्ये जीव जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक हे. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न मला आला, एवढा उशीर का केलात? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खरंच वाटलं की मीच कमी पडले.

उत्तर मिळालं चार दिवसांनी, आणि ते पण मला नाही मिळालं. रात्रपाळीच्या एक सिस्टर होत्या, नवीनच लागलेल्या असाव्यात, त्या सलाईन बदलता बदलता सहज म्हणाल्या, बाळा दोन दिवस का रे सांगितलं नाहीस? आणि तो म्हणाला, "सांगितलं असतं तर परत चार जणांनी धरलं असतं."

त्याच्या आधीच्या अ‍ॅडमिशनला शीर सापडत नव्हती. सात वेळा टोचलं. दोघांनी पाय, एकाने खांदे, एकाने हात दाबून धरलेला, आणि मला बाहेर जायला सांगितलं होतं कारण आई असली की मुलं जास्त रडतात. मी दाराबाहेर उभी राहून त्याचा आवाज ऐकत होते. नंतर सगळे म्हणाले, झालं, लहान आहे, विसरून जाईल. तो विसरला नाही, त्याने धडा घेतला. दुखलं की सांगायचं नाही, कारण सांगितलं की हॉस्पिटल, आणि हॉस्पिटल म्हणजे ते चार जण.

आता त्याची फाईल बघा. हिमोग्लोबिन आहे, रेटिक म्हणजे नव्या लाल पेशींचा आकडा आहे, प्लेटलेट आहेत, टेम्परेचर दर चार तासांनी आहे, प्लीहा किती बोटं लागते ते आहे. या मुलाला सुईची इतकी भीती बसलीये की पुढच्या वेळी तो दुखणं लपवणार आहे, हे कुठेच नाही. कारण ते विचारायचं काम कोणाचंच नव्हतं. मला एवढंच म्हणायचंय की ते काम कोणाचं तरी असू द्या, आणि ते जीव वाचवायचंच काम आहे असं धरा.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. ओपीडीला रांग असते, एका मुलाला पाच मिनिटं मिळत नाहीत, मन बिन कुठून बघणार. खरंय. पण हा आजार बाकीच्या आजारांसारखा नाही हो. क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून उठणारा दुखण्याचा झटका, आहे की नाही हे सांगणारी कुठली रक्ताची टेस्ट नाही, एक्स-रेत दिसत नाही, हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असू शकतं. दुखतंय हे कळायचा रस्ता एकच, मूल सांगतं तो. म्हणजे मुलाचा तुमच्यावरचा विश्वास हेच तुमचं तपासणीचं साधन झालं ना? ते साधनच आपण सात वेळा टोचून, धरून, खोटं बोलून मोडत असू तर पुढचं निदान कशाच्या जोरावर करणार?

आणि विश्वास दुसऱ्या बाजूने पण तुटतो. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेलं मूल दुखतंय असं दिसत नाही. ते मोबाईल बघत बसतं, झोपून जातं, शेजारच्या बेडवरच्या मुलाशी बोलतं, कारण लक्ष दुसरीकडे नेणं हा त्याने स्वतःच शोधलेला उपाय असतो. माझा मुलगा असाच कार्टून बघत होता, एका डॉक्टरांनी त्याच्यासमोर मला म्हटलं, हसतोय की हा, दहापैकी आठ दुखतंय असं कसलं सांगतो. औषध उशिरा मिळालं. त्याच्या पुढच्या वेळी कॅज्युअल्टीच्या दारात त्याने मला विचारलं, "आई, रडू का? म्हणजे त्यांना खरं वाटेल." आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपलं दुखणं खरं आहे हे पटवायला तयारी करावी लागते, हे मी आजवर कोणाला नीट सांगू शकले नाहीये. रक्ताच्या डॉक्टरांची संघटना अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटोलॉजी, तिच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की क्रायसिस घेऊन आलेल्याला पोचल्यापासून एका तासाच्या आत दुखण्याचं औषध मिळावं आणि मग दर अर्ध्या ते एका तासाने परत बघावं. त्यात आधी रडून दाखवा अशी अट नाही.

भीती ही नुसती मनात राहात नाही हे पण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ताण आला की बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि कोयत्यासारख्या वाकलेल्या कडक पेशी अडकतात त्या तिथेच. थंडी, कमी पाणी, इन्फेक्शन, खूप पळापळ, क्रायसिस कशाने येतो याची ही यादी तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी दिलीत आणि आम्ही ती घोकून ठेवली. त्यात ताण पण असतो, पण तो शेवटी असतो आणि त्याच्यापुढे काय करायचं ते लिहिलेलं नसतं. थंडीला स्वेटर सांगता, तापाला ताबडतोब या सांगता, आणि ताणाला?

आता सायकॉलॉजिस्टबद्दल. चेस्ट सिंड्रोमच्या त्या अ‍ॅडमिशननंतर आम्हाला एक चिठ्ठी मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या दिवशी, वेगळी रांग. मुलाने दारावरची पाटी वाचली आणि म्हणाला, "त्यांना वाटतं मी नाटक करतो म्हणून इथे पाठवलं ना?" आम्ही आत गेलोच नाही, परत आलो. त्याला मी दोष देत नाही. पायात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं की मूल त्याचा तोच अर्थ लावणार, आणि मोठी माणसं पण तोच लावतात. म्हणून माझं पहिलं मागणं, रेफरल नको. त्या व्यक्तीला तुमच्याच खोलीत बसवा, तुमच्याच ओपीडीच्या दिवशी, आणि तिने प्रत्येक मुलाशी बोलावं, रडणाऱ्या आणि न रडणाऱ्या, पहिल्या भेटीपासून. सगळ्यांचं वजन घेता तसं. वजन घेताना कोणी म्हणत नाही की माझ्यावर संशय घेतला.

हे मी हवेत बोलत नाहीये. नंतर आम्ही दुसऱ्या ठिकाणी जायला लागलो, तिथे एक सायकॉलॉजिस्ट ताई रक्ताच्या डॉक्टरांच्या शेजारच्याच टेबलाला बसतात. त्यांनी पहिल्या दिवशी दुखण्याबद्दल काही विचारलंच नाही. कागद दिला आणि म्हणाल्या तुझं दुखणं कसं दिसतं ते काढ. त्याने करवत काढली. मी आठ वर्षं त्याच्या शेजारी झोपले, मला करवत माहीत नव्हती. मग दोघांनी मिळून ठरवलं की दुखण्याला तीन नावं द्यायची, एक घरी पाणी पिऊन, शेकून, गोळी घेऊन बरं होणारं, एक आईला सांगायचं, आणि एक लगेच निघायचं. आकडे त्याला जमत नव्हते, एक ते दहामधला सात आणि आठ यातला फरक मोठ्यांना तरी कुठे सांगता येतो, पण ही तीन नावं तो विसरत नाही.

सुईचं पण ठरवलं. कुठला हात ते तो सांगणार. रक्त काढायच्या तासभर आधी सुन्न करणारं क्रीम लावायचं, म्हणजे आम्ही लवकर यायचं. आई बाहेर जाणार नाही. दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर थांबायचं आणि ज्यांना सगळ्यात चांगलं जमतं त्यांना बोलवायचं. आणि कोणी "दुखणार नाही" म्हणायचं नाही, "एवढं एवढं दुखेल, इतका वेळ दुखेल" म्हणायचं. यातली क्रीम सोडली तर कशालाच काही सामान लागत नाही. हे सगळं एका कार्डावर लिहून फाईलच्या पहिल्या पानाला स्टेपल केलंय, कोणीही ड्यूटीवर असो ते वाचतात. पहिल्या वेळी ते कार्ड पाळलं गेलं तेव्हा घरी येताना तो गाडीत झोपला. त्याआधी तो हॉस्पिटलमधून येताना कधीच झोपायचा नाही, खिडकीबाहेर बघत बसायचा.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते कारण तिचा उलटा अर्थ लावला जातो. श्वासाचे व्यायाम, डोळे मिटून एखाद्या जागेची कल्पना करणं, डोळ्याला लावायचा तो व्हीआरचा चष्मा, मालिश, हे औषधासोबत. औषधाऐवजी नाही. ज्याचं हाड आतून रक्त न मिळाल्याने ओरडतंय त्याला मॉर्फिन नाकारून दीर्घ श्वास घे म्हणणं हा अन्याय आहे. पण मॉर्फिन चालू असताना तो श्वास शिकलेला असला तर त्याला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं, आणि तेच त्याला हवं असतं. ताईंनी ते क्रायसिस नसताना शिकवलं, बरं वाटत असताना, खेळ म्हणून. ऐन दुखण्यात कोणी काही शिकत नाही.

याच ताईंमुळे अजून एक गोष्ट कळली जी मी इथे मुद्दाम सांगतेय, कारण मनाचं म्हणजे नुसतं बोलणं असं काहींना वाटतं. शाळेतून तक्रार यायची, ऐकत नाही, अर्धवट सोडतो, तीन गोष्टी सांगितल्या तर एक करतो. आम्ही पण रागवायचो. मी त्याला आळशी म्हटलंय, बऱ्याचदा. ताईंनी दोन दिवस बसून लक्ष, स्मरणशक्ती, वेग याच्या टेस्ट घेतल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या एमआरआय बघा. त्यात मेंदूत छोटे जुने डाग निघाले, सायलेंट इन्फार्क्ट. लकवा नाही, झटका नाही, बाहेरून काही नाही, आणि तरी मेंदूचा तेवढा भाग रक्ताविना गेलेला. एसएस मुलांमध्ये अठराव्या वर्षापर्यंत साधारण तिघांपैकी एकाला हे होतं असं सांगितलं तेव्हा मी सुन्न झाले. प्राथमिक शाळेच्या वयात निदान एकदा एमआरआय करावा असं त्याच २०२० च्या सूचनांच्या मालिकेत म्हटलेलं आहे. आता शाळेत त्याला एका वेळी एकच सूचना देतात, पेपरला जास्त वेळ देतात, पाण्याची बाटली जवळ आणि लघवीला कधीही जायची परवानगी. आणि मी आळशी हा शब्द घरातून काढून टाकलाय. त्याची माफी पण मागितली. तो म्हणाला ठीक आहे. मला अजून ठीक वाटत नाही.

लघवीवरून आठवलं. या मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे खूप होते आणि रात्री अंथरुणात होते, दहा-बारा वर्षांपर्यंत पण होते. तुम्हाला हे पाठ असेल, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मूल समजतं आपण घाणेरडे, आईबाप समजतात लाड जास्त झाले. एक वाक्य लागतं हो, "हे आजारामुळे होतं, तुझी चूक नाही," आणि ते तुमच्या तोंडून आलं तर मूल विश्वास ठेवतं, आमच्या तोंडून आलं तर समजूत घालतायत असं वाटतं. तसंच पिवळे डोळे, तसंच वर्गात सगळ्यात बुटकं असणं, बरोबरीच्यांचा आवाज फुटला मिशी आली आणि आपलं काहीच नाही, वयात येणं या मुलांचं उशिरा होतं हे आधी माहीत असेल तर ते एकटं पडत नाहीत. मुलग्यांना अजून एक सांगायला हवं, आणि ते डॉक्टरांनीच, एकट्याला घेऊन, कारण आईला ते कधीच सांगणार नाहीत. लिंग विनाकारण ताठर होऊन दुखत राहणं हे पण सिकलसेलमुळे होतं, आणि चार तास गेले तर ती इमर्जन्सी आहे. लाजेने मुलं रात्र काढतात आणि कायमचं नुकसान होतं. ज्याला दुखणं लपवायची सवय लागलीये तो हे तर नक्कीच लपवणार.

आमच्याबद्दल पण दोन ओळी. आम्ही दोघं एएस, म्हणजे स्वतः आजारी नसलेले वाहक, लग्नाआधी कोणी तपासलं नाही, दर गरोदरपणात मूल एसएस असण्याची २५ टक्के शक्यता हे गणित आम्हाला मुलगा सुजल्यावर कळलं. त्या दिवशी कागद हातात देऊन पुढचा पेशंट बोलावला गेला. त्याच्या बाबांनी त्यानंतर कित्येक महिने त्याला उचलून घेतलं नाही, मला वाटायचं माया नाही, ते नंतर म्हणाले माझ्यामुळे झालं असं वाटायचं, हात लावायची हिंमत व्हायची नाही. आम्हाला दहा मिनिटं कोणी दिली असती तर ते महिने वाचले असते. आणि धाकटी बहीण, ती एएस आहे, ठणठणीत आहे, तिला दादाच्या अ‍ॅडमिशनमध्ये शेजाऱ्यांकडे ठेवायचो. एकदा तिने पाय दुखतो म्हणून सांगितलं, दुखत नव्हता. तिला फक्त हॉस्पिटलमध्ये आमच्यासोबत यायचं होतं.

पुढची काळजी आत्तापासून आहे. आत्ता हायड्रॉक्सीयुरिया मी देते, रोज. पंधरा-सोळाचा झाला की तो स्वतः घेणार, किंवा घेणार नाही, कारण बरं वाटत असताना रोज गोळी घेणं म्हणजे रोज आठवण की आपण आजारी आहोत. तेव्हा गोळ्या चुकतायत असं ब्लड रिपोर्टवरून दिसलं तर ओरडू नका, का चुकतायत ते विचारा. उदास असलेलं पोर औषध सोडतं. आणि मोठ्यांच्या वॉर्डात पाठवाल तेव्हा एका दिवशी फाईल देऊन मोकळे होऊ नका. लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायची ती चार-पाच वर्षं या आजारात फार धोक्याची असतात, अ‍ॅडमिशन वाढतात, जीव जातात, हे तुमच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. तिथे त्याला कोणी ओळखत नसेल, मोठा दिसणारा मुलगा येऊन मॉर्फिन मागतोय एवढंच दिसेल. तेव्हा तरी त्याच्यासोबत ते कार्ड आणि एखादा ओळखीचा आवाज असू द्या.

सगळ्या ठिकाणी सायकॉलॉजिस्ट मिळणार नाही हे मी समजू शकते. पद मंजूर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हे पद रक्ताच्या ओपीडीसोबतच मंजूर करा, नंतर बघू असं ठेवू नका. पण पद येईपर्यंत थांबायची पण गरज नाही. त्या रात्रपाळीच्या सिस्टरकडे कुठली डिग्री नव्हती मानसशास्त्राची, त्यांनी फक्त विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. केसपेपरवर एक ओळ वाढवा, "मागच्या वेळी इथे सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?" आणि मुलाला विचारा, आईला नाही. उत्तर त्याच्याच शब्दात लिहा. पुढच्या ड्यूटीवाल्यांनी ते वाचून मग आत जावं.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिवस असतो, पोस्टर लागतात, त्यावर वाकडी लाल पेशी असते. या वेळी त्या दिवशी तुमच्या वॉर्डातल्या एका मुलाजवळ बसा आणि त्याला त्याचं दुखणं कागदावर काढायला सांगा. ते काढलेलं फाईलला लावा.

तुमची,
एक आई

ता.क. हे पत्र मी मुलाला वाचून दाखवलं, त्याची परवानगी घेऊनच टाकतेय, नाव नको म्हणाला. बाकी सगळं चालेल म्हणाला, करवतीचं पण. एक गोष्ट राहिली म्हणाला ती त्याच्याच शब्दात लिहिते. "टोचायच्या आधी एक दोन तीन म्हणता ना, मग तीनलाच टोचा. दोनला टोचू नका."